नारबा मरत का नाही?

एखाद्याला मारावंसं वाटणं वाईट, यावर आपलं कुणाचं दुमत होणार नाही. पण एखादा माणूस कधी मरेल याची वाट पाहणं? हातानं काहीही करायचं नाही. तोंडानं वाईट बोलायचं नाही. उलट भेटलं की आपुलकीनं तब्येत विचारायची, जाताना हातावर चार सफरचंदं ठेवायची, आणि मनात मात्र हिशेब चालू ठेवायचा. यात गुन्हा नाही. कुणाचं नुकसानही नाही. मग यात वाईट नेमकं काय आहे?

प्रश्न अभद्र वाटेल. पण २० सप्टेंबर २०१३ला प्रदर्शित झालेला एक अख्खा मराठी सिनेमा याच प्रश्नावर उभा आहे, आणि तो बघताना आपण पोट धरून हसतो. सिनेमाचं नाव ‘नारबाची वाडी’. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ज्याचा ‘मुंज्या’ पाहिलाय तोच. पटकथा, संवाद आणि गाणी गुरु ठाकूरची, संगीत मंगेश धाकडेचं. नारबा झालेत दिलीप प्रभावळकर आणि खोत झालाय मनोज जोशी. तेही एक नाही, दोन खोत, बाप आणि मुलगा.

गोष्ट सांगायला सोपी आहे. कोकणातला एक म्हातारा. त्याची नारळी-पोफळीची वाडी, जिवापाड जपलेली. गावच्या खोताचा त्या वाडीवर डोळा. म्हातारा काही देत नाही. त्या झुरणीतच थोरला खोत जातो. मग धाकटा येतो, तो जरा नव्या वळणाचा. दमदाटीऐवजी तो करार करतो : नारबा, तू जिवंत आहेस तोवर दरमहा तुला पैसे देईन. तू गेलास की वाडी माझी. नारबाकडे बघून कुणीही म्हटलं असतं, सौदा स्वस्तात पटला. आज आहे, उद्या नाही. पण हातात पैसे आले, पोटात चार घास नीट जायला लागले, आणि नारबा मरायचं नाव घेईना. शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी राहू दे.

ही गोष्ट मुळात आपली नाही, बंगाली आहे. मनोज मित्र या नाटककारानं १९७७ साली ‘साजानो बागान’ नावाचं नाटक लिहिलं आणि त्यातला जख्ख म्हातारा बांछाराम स्वतःच रंगवला. तेव्हा त्यानं स्वतः चाळिशीही गाठली नव्हती. १९८०मध्ये तपन सिन्हांनी त्यावर ‘बांछारामेर बागान’ हा सिनेमा केला, त्यातही म्हातारा मनोज मित्रच. तिथला जमीनदार आपल्याकडे येताना खोत झाला आणि बाग वाडी झाली. आता मला यात एक गंमत दिसते. नाटकात तरुण माणूस म्हाताऱ्याचं सोंग आणतो तेव्हा प्रेक्षकाला आतून ठाऊक असतं की पडदा पडल्यावर हा ताठ उभा राहून नमस्कार करणार आहे. त्यामुळे त्याच्या मरणावर हसायला काही अडचण येत नाही. प्रभावळकर नारबा झाले तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. ‘हसवाफसवी’पासून टिपऱ्यांच्या आबांपर्यंत त्यांनी म्हातारे पुष्कळ केले, पण इथे सोंग आणि वय यांच्यातलं अंतर बरंच कमी झालेलं. हसताना घशात किंचित काही अडकतं ते बहुधा यामुळे. हेन्री बर्गसन नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९००च्या सुमारास हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हसायचं असेल तर काळजाला घटकाभर बधिर करावं लागतं. नारबाच्या बाबतीत ती भूल अर्धवटच चढते. काळीज अर्धं जागं राहतं. मला वाटतं, निव्वळ फार्स आणि असा हसवता हसवता बोचणारा सिनेमा यांच्यातला फरक तेवढाच आहे.

महाडच्या माणसाला हा सिनेमा बघताना पहिली अडचण नावापासूनच येते. आमच्याकडे वाडी म्हणजे बाग नव्हे. पोलादपूर-महाडच्या डोंगरात वाडी म्हणजे पाच-पंचवीस घरांची वस्ती. नारळी-पोफळीच्या वाड्या खाली श्रीवर्धनला, अलिबागला, पार तळकोकणात. वर आमच्याकडे भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरी, मध्येच आंब्या-फणसाची चार झाडं आणि बाकी वरकस. सिनेमातली मालवणी बोलीही आमची नाही. तरी खोत हा शब्द मात्र आम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सिनेमातला खोत हा हसण्याचा विषय आहे आणि खरा खोत तसा नव्हता. खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्या मधला सारा वसूल करणारा. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे महाडसकट, गावंच्या गावं त्याच्या मुठीत. पिकाचा वाटा घ्यायचा, वर वेठ करून घ्यायची. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा, हे महाडचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच डॉ. आंबेडकरांनी दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९३७ला, मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, हे कमी जणांना माहीत असतं. त्यासाठी १९३८च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं गेले. त्याच्याही आधी अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला. शेतं पडीक ठेवली, उपाशी राहिले, पण खोताची जमीन कसली नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९च्या कायद्यानं.

आता सिनेमाकडे बघा. तिथे खोताला हरवतं कोण? नारबाचं आयुष्य. संप नाही, मोर्चा नाही, कायदा नाही. एक म्हातारा फक्त मरत नाही. यावर कुणी म्हणेल, जे हजारोंनी मिळून लढून मिळवलं त्याची तुम्ही एका म्हाताऱ्याच्या नशिबाची गोष्ट केलीत. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण मला वाटतं सिनेमाला खोतीवर बोलायचंच नाहीये. त्यानं बाप खोत आणि मुलगा खोत एकाच नटाला दिलेत. माणूस बदलतो, पद्धत बदलते, तोंड तेच. खोती १९४९ला गेली, ते तोंड गेलं नाही, एवढंच सिनेमाला म्हणायचंय असं धरलं, तर मग प्रश्न खोताचा उरत नाही, आपला होतो.

पण त्याआधी करार. कारण नारबाचा करार हा काही बंगाली नाटककाराच्या डोक्यातला निव्वळ विनोद नाही. फ्रान्समध्ये असं घर विकत घेण्याची जुनी कायदेशीर पद्धतच आहे. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात झान काल्माँ नावाची बाई होती. १९६५ साली ती नव्वद वर्षांची होती. तिच्या सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलानं, आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे त्याचं नाव, तिच्याशी करार केला : दरमहा अडीच हजार फ्रँक देईन, तुझ्यामागे घर माझं. वकिलाचा हिशेब चुकला असं म्हणता येणार नाही; नव्वदीच्या बाईबद्दल कुणीही तेच गणित मांडलं असतं. तो १९९५ला सत्त्याहत्तराव्या वर्षी वारला. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे देऊन झाले होते. पुढे त्याच्या घरच्यांना हप्ते भरावे लागले. बाई १९९७ला गेली, एकशे बावीस वर्षांची होऊन. नोंद असलेलं जगातलं सर्वांत लांब आयुष्य तिचंच. आयुष्यात कधी कधी सौदे फसतात, अशा अर्थाचं काहीतरी ती त्यावर म्हणाल्याचं सांगतात.

हे वाचताना तुम्ही हसलात ना? मीही हसलो होतो. वकील मेला त्यावर हसलो. म्हणजे ‘कुणाच्याही मरणावर हसू नये’ हा नियम आपण मुळात पाळतच नाही. वाट पाहणारा आधी गेला की आपल्याला न्याय झाल्यासारखं वाटतं. पण वकिलानं केलं काय होतं? तीस वर्षं एका म्हातारीला न चुकता पैसे दिले. तिला घराबाहेर काढलं नाही, छळलं नाही. तरी आपली सहानुभूती त्याला नाही.

कारण त्याला तिच्या मरणातून फायदा होता, असं पटकन उत्तर सुचतं. ते पुरत नाही. मरणातून फायदा होणारे पुष्कळ असतात. सरणाची लाकडं विकणाऱ्याला असतो. पेन्शनची पॉलिसी विकणारी विमा कंपनी तर नारबाच्या खोतासारखाच सौदा करते : तुम्ही आत्ता पैसे द्या, आम्ही तुम्ही असेपर्यंत दरमहा देऊ. तुम्ही लवकर गेलात तर कंपनीचा फायदा. तरी कुणी कंपनीला खोत म्हणत नाही. फरक असा आहे की कंपनीकडे लाखो माणसं असतात. कोण कधी जाणार याच्याशी तिला घेणंदेणं नसतं, सरासरीशी असतं. ती कुणा एकाची वाट बघत बसलेली नसते. खोत एकाची बघतो. नाव माहीत असलेल्या, रोज बांधावर दिसणाऱ्या, खोकला ऐकू येणाऱ्या एकाची. नारबाला खोकला आला की खोताच्या मनात काहीतरी हलतं.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात लोक चक्क अनोळखी माणसांच्या आयुष्यावर विमे काढून पैजा लावायचे. अमका लॉर्ड आजारी आहे, लाव पैसे. १७७४मध्ये कायदा करून ते बंद केलं. ज्याच्या जगण्यात तुमचं काही हित आहे त्याचाच विमा तुम्ही काढू शकता, हा नियम तिथून आला. कायद्याला भीती होती ती खुनाची. ती रास्तच. पण मला त्याच्या अलीकडची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. समजा खून होणारच नाही अशी शंभर टक्के खात्री आहे. तरीही, एक माणूस दुसऱ्याकडे बघतो आणि त्याला समोर माणूस न दिसता मुदत दिसते, तेव्हा त्या बघण्यातच काहीतरी बिघडलेलं असतं. नुकसान होतं ते बघणाऱ्याच्या नजरेचं. मेलेल्याचं नव्हे, तो तर अजून मेलेलाच नसतो.

आता आमच्याकडे या. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तसे जमिनीला भाव आले. महाडला एमआयडीसी आहेच. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटानं महाबळेश्वर. त्यामुळे जिथे नाचणीसुद्धा मन मारून उगवते त्या उताराला आता ‘व्ह्यू’ आहे. एजंट येतात. गुंठ्यांत बोलतात. आणि गावात घरटी कोण असतं? एक आजी, फार तर आजोबा. बाकी सगळे मुंबईला, विरारला, डोंबिवलीला, घणसोलीला. सातबारा आजोबांच्या नावावर, किंवा ते गेले असतील तर आजी, तीन मुलगे, दोन मुली अशी सामायिक नावं. एक जण सही देत नाही म्हणून व्यवहार अडलेला. सही न देणारी बहुतेक वेळा तीच, जी तिथे राहते.

एजंट मुंबईच्या मुलांना फोन करतो तेव्हा सुरुवातीचं वाक्य ठरलेलं असतं : “आजी कशा आहेत?” मुलगा गावी फोन करतो तेव्हा त्याचंही पहिलं वाक्य तेच : “आये, कशी आहेस?” शब्द एकच आहेत. ते कुठल्या नजरेनं विचारलेत हे विचारणाऱ्यालाही नेहमी ठाऊक असतं असं मला वाटत नाही. आणि हे मी मुलांना दोष देण्यासाठी लिहीत नाहीये. वन रूम किचनचा हप्ता भरणाऱ्या, पोरांच्या क्लासची फी भरणाऱ्या माणसाला ‘ती जमीन सुटली तर’ असा विचार मनात येणारच. विचार मनात येण्यावर कुणाचा ताबा नसतो. पण येऊन गेलेला विचार आणि मांडी घालून बसलेला विचार यांत फरक आहे. एकदा मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘गावची जमीन’ झालं आणि त्यात आई नसली, की विचार बसला असं समजायला हरकत नाही.

गणपतीत हे सगळे गावी एकत्र येतात. अशाच एका गणपतीत, एका घरात, आरत्या झाल्यावर ‘नारबाची वाडी’ लावला होता. ओटीवर पोरंटोरं, मुंबईचे मुलगे-सुना, आणि भिंतीला टेकून घरची मालकीण, ऐंशीच्या पुढची. मी पाहुणा, त्यामुळे पडद्याइतकाच प्रेक्षकांकडे बघत होतो. मुलगे हसत होते ते खोताच्या फजितीवर. पोरं नारबाच्या चाळ्यांवर. म्हातारी मात्र भलत्याच जागी हसायची : खोत पैसे घेऊन येतो तिथे. कुणीतरी विचारलं, त्यात काय हसण्यासारखं? ती म्हणाली, “खोत बराच की रं. म्हैन्याच्या म्हैन्याला येतो तरी.”

एक मोठा मुलगा उठून पाणी प्यायला आत गेला. बाकी कुणी काही बोललं नाही, सिनेमा पुढे चालू राहिला.

हे वाक्य गमतीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ते त्या कराराची दुसरी बाजू दाखवतं, जी मला आधी दिसली नव्हती. खोताचा हेतू वाईट आहे, पण त्याच्या पैशानं नारबाच्या पोटात अन्न जातंय. त्याला रोज नारबाची खबर घ्यावी लागते. हाव का असेना, कुणीतरी रोज विचारतंय. आणि प्रेमाची माणसं वर्षातून दीड वेळा येतायत. मग म्हाताऱ्या माणसाला हवं काय असतं : शुद्ध हेतू की रोजचा माणूस? आपण नीतीची चर्चा करतो तेव्हा हेतूला फार वजन देतो. ज्याचं पोट, ज्याचं औषध, ज्याची लाइट गेल्यावर बल्ब लावायची पंचाईत, तो कदाचित वजन वेगळीकडे टाकत असेल.

गावात असे करार न लिहिता होतच असतात. पुतण्या म्हाताऱ्या चुलतीला सांभाळतो. दवाखान्यात नेतो, रेशन आणून देतो. आणि तिच्यामागे घर-जमीन त्याला मिळणार हे सगळ्या वाडीला माहीत असतं, तिलाही माहीत असतं. लोक त्याला कधी ‘पुण्यवान’ म्हणतात, कधी ‘डाव साधला’ म्हणतात, दोन्ही एकाच पारावर. माझं मत असं की तो खोत नाही, निदान सगळाच नाही. कारण सांभाळता सांभाळता नजर बदलू शकते. पथ्याचं जेवण कुणासाठी वर्षभर बनवलं तर ते माणूस नुसतं मुदत राहत नाही, त्याच्या खोडी कळतात, त्याचा राग यायला लागतो. राग येणं ही चांगली खूण आहे. मुदतीवर कुणी रागावत नाही.

उलटंही होतं. आधी बक्षीसपत्र करून घेतात, मग विचारणं बंद. त्यासाठी २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. त्यातल्या कलम २३प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. दाद प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे मागायची असते, आणि प्रांत कचेरी महाडलाच आहे, मुंबईला जावं लागत नाही. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा सही करायच्या बेतात असतील तर ती सांभाळाची अट कागदावर घालून घ्या, तोंडी ठेवू नका.

सरकारही नारबाकडे दरवर्षी येतंच. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. निराधार म्हाताऱ्यांना पैसे मिळतात त्या योजनेचं नाव ‘श्रावणबाळ’, आणि त्यातही दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. यावर विनोद करणं सोपं आहे, पण सरकारची नजर मला खोताची वाटत नाही. ती विमा कंपनीच्या जवळची आहे : थंड, पण कुणा एकाची वाट न बघणारी. अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही, राबून राबून रेषा पुसल्या गेलेल्या असतात, तेव्हा जो पोरगा वैतागूनही चार वेळा पुसून पुन्हा बोट ठेवायला सांगतो, त्याच्याकडे तेवढ्यापुरता नारबा माणूस असतो.

मग नारबानं स्वतः तो करार का केला? हा प्रश्न कमी जण विचारतात. त्याला काय खोताचा डाव कळला नसेल? मला वाटतं कळला होता, आणि त्याला तो सोयीचाही होता. ज्याच्या मरणाची कुणालाच पडलेली नाही त्याच्या जगण्याचीही कुणाला पडलेली नसते. खोताच्या हिशेबात तरी तो रोज होता. आपल्या मरणाला किंमत आली म्हणून जगण्याला आली, हे त्या म्हाताऱ्यानं ओळखलं आणि खोताचीच हाव खात-पीत राहिला. सिनेमा हसरा होतो तो इथे, आणि इथेच तो मला सगळ्यात जास्त दुःखाचा वाटतो.

त्या गणपतीतल्या घराची जमीन अजून विकलेली नाही. एजंटाचा बोर्ड खाली रस्त्याला लागलाय, शेजारच्या दोन पट्ट्या गेल्या. म्हातारीनं यंदाही खालच्या खाचरात भात लावून घेतलं, मजुरी परवडत नसताना. मोठा मुलगा आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्रीच्या एसटीनं येतो. तो कशासाठी येतो याबद्दल वाडीत दोन मतं आहेत. म्हातारीला विचारलं तर ती सांगते, येतो, जेवतो, झोपतो, आणि रविवारी दुपारच्या गाडीनं जातो.